मागचं ऐकायचं राहिलं

दिवा बारीक कर रे. हां, आता सांगतो. ऐकीव नाही बरं का. माझ्या मेव्हण्यावर, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर बेतलं होतं.

तो पाणबुडीवर होता. कानाला हेडफोन लावून पाण्यातले आवाज ओळखायचं काम, म्हणून सगळे त्याला कानवाला म्हणायचे. आणि त्यांचा कप्तान... उथळ पाण्याला खळखळाट फार! बुटांना पॉलिश असं की चालताना त्यात स्वतःचंच थोबाड न्याहाळायचा. डोक्यात मात्र उजेड नाही.

पाणबुडीला शेपटाकडच्या स्वतःच्याच पंख्याच्या घरघरीत मागचं ऐकू येत नाही. म्हणून वर येण्याआधी अख्खी बोट वळवायची, मागचं ऐकायचं, मगच वर. दहा मिनिटांचं काम. पण त्या दिवशी किनाऱ्यावर बडे साहेब कप्तानासोबत जेवायला थांबले होते.

"साहेब, एकदा वळून ऐकूया," कानवाला म्हणाला.

"आता तू मला शिकवणार?"

बोट वर आली ती थेट एका मच्छीमार होडीखाली. बाप आणि त्याचे दोन मुलगे. तिघेही गेले.

आणि या दिवट्याने अहवालात काय लिहावं? 'मागे काही नाही असं कानवाल्यानेच सांगितलं.' मेव्हण्याने तेव्हाच आपल्या वहीत खरं ते टिपलं होतं. पण वही सापडत नाही, असं कप्तानाने कळवलं. होती त्याच्याच कपाटात, बोटीवर. मेव्हण्याची नोकरी जाणार, वर तुरुंग. माझी बहीण रडून रडून अर्धी झाली होती.

चौकशी शुक्रवारी सकाळी दहाला. गुरुवारी रात्री साडेनऊला कप्तान गोदीवर गेला. बोट पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभी, वीज तोडलेली, आत चिटपाखरू नाही. वही खिशात घालायची आणि घरी जाऊन जाळायची. पठ्ठ्या शिट्टी वाजवत शिडी उतरला!

बॅटरीच्या उजेडात कपाट उघडलं. वही घेतली. निघाला.

कानवाल्याच्या खुर्चीपाशी खुंटीला हेडफोन होते. त्यातून आवाज येत होता... टुक टुक टुक. लहान इंजिन.

वीज नाही. पाणी नाही.

त्याने हेडफोन कानाला लावले. आवाज मागून येत होता. तो वळला. तरी मागूनच. पुन्हा वळला. मागूनच... जवळ... आणखी जवळ.

त्याने हेडफोन फेकून दिले.

आवाज थांबला नाही.

"कोण... कोण आहे?"

टुक. टुक.

इंजिन बंद पडलं. अगदी पाठीशी. आणि म्हाताऱ्या गळ्याने कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरांनो... घट्ट धरा..."

पहारेकऱ्याने त्याला पळताना पाहिलं. पायात एकच बूट.

सकाळी त्याने स्वतःच्या हाताने वही चौकशीच्या टेबलावर ठेवली आणि रात्रीचं सगळं ओकलं. मेव्हणा सुटला. तुम्ही म्हणाल, माणूस सुधारला. छट्! असल्यांच्या तोंडून खरं निघतं तेही चड्डी ओली झाल्यावरच. त्याची मला आजही कीव येत नाही.

पण त्याच सकाळी गोदीतली माणसं पंखा रंगवायला खाली उतरली. आदल्या संध्याकाळी त्यांनीच तो घासून पुसून ठेवला होता. आता त्याला मासेमारीचं जाळं गुंडाळलेलं होतं. ओलंचिंब.

जाळ्यात एक मासा होता... अजून तडफडत होता.