भात्यावरचा माणूस

मंगळवारी सकाळी नऊ वाजता खारोळे गावच्या ध्वनिसंग्रहालयाच्या दारावर कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला.

आत फेल्सी लोपीस एकटीच होती. कानांवर हेडफोन होते, तरी तो दणका तिला पायांतून जाणवला. तिने आधी कडीकडे पाहिलं, मग यंत्राकडे. तबकडीची शेवटची काही वळणं वाचायची राहिली होती. ती जागची हलली नाही.

बाहेर आंतोन मिनेझिस आणि त्याचा भाऊ होता. रविवारपर्यंत आंतोन तिचा शाळासोबती होता. रविवारी तिने चर्चच्या सभागृहात अख्ख्या गावाला एक आवाज ऐकवला आणि त्याच संध्याकाळी मिनेझिसांच्या घरावर दगड पडले. आंतोनची आई रोझलीन खिडकी लावायला उठली होती. तिचा उजवा डोळा गेला.

तबकडी शंभर वर्षांपूर्वीची होती. एका परदेशी कंपनीची माणसं तेव्हा खारोळ्याला येऊन चर्चमधला जुना ऑर्गन ध्वनिमुद्रित करून गेली होती. संगीत बारोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं, भरगच्च नक्षीचं युरोपी वादन. मास्तर पुढे बसून वाजवत आणि मागच्या बंद खोलीत एक माणूस फळ्यांच्या उंच माचावरून चामड्याचा भाता ओढत राही. तेव्हा कुठे नळ्यांत हवा जाई.

तो माणूस फेल्सीचा पणजोबा, इनास लोपीस. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो नाहीसा झाला. चर्चचा चांदीचा पेला घेऊन पळाला, असं गावाने ठरवलं. लग्नाच्या पंगतीत फेल्सीच्या वडिलांच्या हातात ग्लास दिसला की कोणीतरी हटकून म्हणे, "लोपीस, जाताना परत ठेव हां." वडील हसत. घरी आल्यावर जेवत नसत. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा, आंतोनच्या घराण्यातला कायतान मिनेझिसही त्याच दिवसापासून दिसला नाही. पण त्याच्याबद्दल गाव एवढंच म्हणालं, की तो बोटीने मोंबासाला गेला आणि तिकडेच रमला.

ऑर्गनच्या त्या वादनात शेवटाकडे एक सूर खचतो आणि मग शेवटपर्यंत थरथरत राहतो. ही थरथर बारोक शैलीचा दुर्मीळ नमुना आहे, असं जाणकार वर्षानुवर्षं शिकवत आले. नादवेचक यंत्र आलं आणि ते खोटं ठरलं. हे यंत्र तबकडीची चर प्रकाशाने वाचतं. प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून परततो. त्या प्रतिध्वनींवरून तो खोलीत कुठून निघाला हे शोधून यंत्र त्याला बाकीच्या आवाजांतून वेगळा काढतं. फेल्सीने ऑर्गन बाजूला काढला आणि मागच्या खोलीत कान लावला.

आधी भात्याचे लांब, सारखे हेलकावे होते. मग चढणारी पावलं. कोणीतरी गुरगुरलं, "खाली उतर." झटापट. लोखंडाचा एक घाव, लगेच दुसरा, आणि फळीवर पडलेलं अंग. भाता थांबला, सूर खचला. मग भाता पुन्हा सुरू झाला, पण आखूड, अडखळत्या हेलकाव्यांनी. हात दुसरा आहे, असं फेल्सीने रविवारी गावापुढे मांडलं. कायतानने इनासला मारलं आणि ध्वनिमुद्रण बिघडू नये म्हणून स्वतः भाता ओढला.

शेवटच्या वळणांवर बुरशी होती. ती काढायला आणखी दोन दिवस लागणार होते. फादर रेमेत म्हणाले होते, पुरतं वाचून होऊ दे, मग काय ते बोल. फेल्सी थांबली नाही. तिच्या घराने फार वर्षं थांबून पाहिलं होतं.

आता दाराची फळी फुटत होती आणि यंत्र ती शेवटची वळणं वाचत होतं. वादन संपलं, नळ्यांतली हवा ओसरली. भात्यावर कोणीतरी धापा टाकत होतं, मधूनच कण्हत होतं. मग मास्तरांचा आवाज आला. हलका, जवळून.

"इनास, सोड आता भाता. झालं. तुझा हात बघू."

फेल्सीने ते पुन्हा ऐकलं. हात तोच होता, फक्त जखमी होता. फळीवर पडला तो कायतान होता.

दार आत कोसळलं. आंतोनच्या हातात कुऱ्हाड होती.

"आंतोन, आधी हे ऐक," ती म्हणाली आणि हेडफोन पुढे केले.

"ऐकवलंस तेवढं पुरे झालं, बाय," तो म्हणाला. "माझी आई आता एका डोळ्याने रडते."

कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू तबकडीवर उतरली. लाखेचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले. पुढच्या घावाला फेल्सीने हात मध्ये घातला आणि तिचं मनगट मोडलं. भावाने यंत्र उलथून टाकलं. दोघं रस्त्यावर आले, पोलिसांची वाट बघत पायरीवर बसले आणि गाडी आल्यावर मुकाट चढले.

इस्पितळात निरीक्षकाने फेल्सीला विचारलं, तबकडीतलं काही शिल्लक राहिलं का. तिने पाणी मागितलं. वाचलेला प्रत्येक आवाज यंत्र संग्रहालयाच्या दूरच्या साठ्यात आपोआप पाठवत असे. तो उघडायची परवानगी तिच्या एकटीकडे होती.

गुरुवारी फादरांनी भात्याच्या खोलीतली जमीन खणून घेतली. फरशीखाली एका माणसाची हाडं निघाली. कवटीला दोन भेगा होत्या. पेला नव्हता. गावाने त्याच संध्याकाळी इनास लोपीससाठी मेणबत्त्या लावल्या आणि मिनेझिसांचं घर जाळलं. रोझलीनला शेजाऱ्यांनी मागच्या दाराने बाहेर काढलं.

हाडांची ओळख पटवायला दोन्ही घरांकडे रक्ताचा नमुना मागितला आहे. आंतोनने कोठडीतून नकार कळवला. आमचं कोणी तिथे मेलेलं नाही, असं त्याचं म्हणणं आहे. फेल्सीला शनिवारी सकाळी बोलावलं होतं. हे लिहीपर्यंत ती गेलेली नाही.