शिरढोणच्या मोरीवरची बाटली

अर्जुना, पहाटं आईची थुंकी घिऊन मिरजेला निघणार हाईस न्हवं? मग बस जरा. तुमीबी बसा रं. खळं कोण उचलून नेत न्हाई एवढ्यात.

आपला ज्ञानू तुमाला ठावं हाय. त्येचा थोरला भाऊ, लालासाहेब, लय खोकायचा. रगत पडायचं. मिरजेच्या डॉक्टरनं तपासलं, टीबीचं जंतू घावलं न्हाईत. म्हणाला, "छातीत कॅन्सर आहे का, भिंगाखाली बघतो. पहाटेचा बेडका बाटलीत धरा, ताजा असतानाच पोचवा." येळंत कळलं तर इलाज, न्हाई तर माणूस गेला.

शेहेचाळीस साल. मार्गशीर्षातली अमावस्या. रात्री अडीचला लालासाहेब बाटलीत खोकला आन ज्ञानू सायकलीवर निघाला. शिरढोणच्या मोरीवर चाक खड्ड्यात गेलं. ज्ञानू आडवा. बाटली शाबूत, पण बूच उडालेलं. आत थेंब न्हाई.

माघारी जावं तर दुपार हुणार. कपाळाला हात लावून बसला गडी. तवा मोरीच्या कठड्याकडनं कोणतरी खोकलं. घोंगडं पांघरलेला माणूस. तोंड दिसंना.

"काय सांडलं?"

ज्ञानूनं सांगितलं.

"आण हिकडं. मी बी खोकल्याचाच हाय."

अक्कल गहाण पडली म्हणा की. ज्ञानूनं बाटली दिली. माणूस खोकला... लय येळ खोकला. बाटली परत आली ती गारढोण.

"येताना सांगून जा... काय निघालं त्ये."

सांजच्याला डॉक्टर म्हणाला, "कॅन्सरच आहे. फार पुढं गेलाय. हा माणूस चालतोय तरी कसा?" ज्ञानूनं पाय धरलं, खरं काय ते सांगितलं. डॉक्टरनं शिव्या घातल्या, ती बाटली परत हातात कोंबली आन वर एक नवी दिली. पुढं लालासाहेबाचा खरा बेडका पोचला, त्यो चांगला निघाला. लालासाहेब हिंडतोय अजून.

पण त्या राती ज्ञानूला माघारी त्याच मोरीवरनं यायचं हुतं.

मोरी आली. कोण न्हाई. पायडल मारवंना. उतरला. अंधाराकडं बघून म्हणाला, "कॅन्सर निघाला."

...

रातकिडं गप झालं.

...

"मग आमच्या गुंडानं... कुणाचं दिलं हुतं?"

असं बघू नका माझ्याकडं. गुंडा म्हंजे मीच. आदल्या साली माझ्या थोरल्या भावाची, नानासोची, बाटली त्याच मोरीवर माझ्या हातनं सांडली. परत घरी जाऊन दादाला काय सांगू, ह्या लाजंनं मी माझीच थुंकी भरली. डॉक्टर म्हणाला, काही नाही, घरी न्या. पौषात दादा गेला. बायकोलाबी कवा बोललो न्हाई मी. ज्ञानूनं इचारलं तवा मातूर रडलो.

मोरीवरचा खोकला भरलेली, ज्ञानूनं माघारी आणलेली ती बाटली माझ्याकडंच हाय. ही बघ. धुतली, उकळली, उनात वाळवली, मग बूच घट्ट बसवलं. दोन वर्सं झाली, उघडली न्हाई.

कंदील आण जवळ, अर्जुना.

आतनं काचंवर वाफ धरलीया... आता गेली. थांब... परत आली.