नळीतलं ओलं फडकं

"हसा लेको. पण हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय, ऐकीव नाही," आजोबा म्हणाले. नातवंडं जवळ सरकली.

साडूचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. मागच्या मार्चचा शेवटचा शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. दुकान बंद करून तो एका निवृत्त गुरुजींकडे गेला. त्यांची माळ्यावरची ठासणीची बंदूक, नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची जुनी, सकाळी पोलीस चौकीत जमा करायची होती. त्याआधी तपासणी.

"रिकामी आहे ना, एवढंच बघा," गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी हिच्याच गोळीने माझी बहीण गेली. पुसून भिंतीला मी टेकवली होती. रिकामी होती हो! मीच भरलेली ठेवली म्हणून भाचा अजून माझ्याशी बोलत नाही. हल्ली वाटतं, त्याचंच खरं असेल."

साडूची रीत ठरलेली. नळीत गज सोडायचा, तोंडाशी खडूची खूण करायची, मग ती खूण तोंडाशी धरून गज नळीला बाहेरून लावून बघायचा; टोक बुडापर्यंत पोचलं तर आत काही नाही. टोक थेट बुडाशी आलं.

"रिकामी. उगाच घोर लावून घेतलात, गुरुजी."

गुरुजी चहा टाकायला आत गेले. साडूने सवयीने पुन्हा गज सोडला.

या वेळी तो बुडाच्या चार बोटं वर अडकला.

टोकाला मळसूत्र असलेल्या दुसऱ्या गजाने त्याने आतलं ओढून काढलं. फडकं. गोळी. दारू. गोळी ठासताना फडक्याला थुंकी लावायची जुनी पद्धत.

फडकं अजून ओलं होतं.

गुरुजी दारातच थांबले. "तुम्ही भरलीत?"

"मी कशाला भरू?"

"म्हणजे तेव्हाही..." गुरुजी टेबलापाशी आले. "मी भरली नव्हती, असं मला लेखी द्या. भाच्याला दाखवतो."

साडूने पेन काढलं. "काय लिहू, गुरुजी? बंदूक..."

खस्...

दोघांनी टेबलाकडे बघितलं. गज बाजूला पडला होता. बंदुकीजवळ कुणी नव्हतं.

खस्... खस्...

आत काहीतरी ठासलं जात होतं. सावकाश. नीट.

दारू भिजावी म्हणून साडूने पाण्याचा जग उचलून सगळं पाणी नळीत ओतलं. आवाज थांबला. मग त्याने दुसरं फडकं ओढून काढलं. निळ्या रेघांचं.

गुरुजींनी नुसतं बोट केलं. साडूच्या शर्टाकडे.

"मग?" धाकटी नात कुजबुजली.

"तो शर्ट मी स्वतः बघितलाय. खालच्या काठाला रुपयाएवढं गोल भोक. कात्रीने कापावं तसं..."