कपिलीचा जाळ

मी माळकरी माणूस. कीर्तनात बुवांनी अभंग वरच्या पट्टीत उचलला की माझे डोळे भरतात. पण गोबरगॅसचा हिशेब मी देवावर सोडत नाही. कालवलेलं शेण बंद खड्ड्यात कुजतं, त्यातून वायू निघतो, तो उपडी लोखंडी टाकी वर उचलतो आणि नळीनं शेगडीला जातो. शेण थांबलं की महिना-दीड महिन्यात टाकी खाली बसते. आष्ट्याभोवतीच्या वस्त्यांवर मी हेच बांधतो, हेच दुरुस्त करतो.

हरणाबाई मावशींची गाय, कपिली, दिवाळीत गेली. दुसरं जनावर नाही. चैत्र लागला तरी मावशींची शेगडी निळी जळत होती.

मुलगा धनाजी साताऱ्याला कारखान्यात. आई रानात एकटी, हा घोर त्याला. ती म्हणे, "कपिलीचा जाळ हाय तवर मी हितनं हलत न्हाई."

शेवटी सप्त्याला गावी आला तेव्हा तो मला म्हणाला, "नाथाजी, टाकी मोकळी कर गड्या. जाळ इझला म्हंजे आय येईल साताऱ्याला."

मला ते रुचलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मावशी अंगणात पडल्या, ते लोकांना कळलं दुसऱ्या दिवशी. म्हणून गेलो. मावशी सप्त्यातल्या काल्याच्या कीर्तनाला गेल्या होत्या. ते कीर्तन मी जन्मात पहिल्यांदा चुकवलं.

कॉक सोडला. वायू फुसफुसत गेला, टाकी कण्हत खाली बसली. शेण कालवायच्या कुंडीत पाहिलं: तळाला तडे, कोपऱ्यात कोळिष्टकं. कॉक बंद करून विहिरीवर हात धुवायला गेलो.

परत आलो तर टाकी हातभर वर.

सावलीतल्या त्या लोखंडाला हात लावला. जनावराच्या कुशीला असते तेवढीच ऊब होती. पुन्हा कॉक सोडला. या वेळी आतून लांब सुस्कारा आला.

तेवढ्यात धनाजी मावशींना गाडीवरून घेऊन आला. अंगणात वायूचा वास पसरलेला.

"व्हय रं नाथा, कीर्तन सोडून ह्ये करत हुतास? माळ तरी काढून ठेवायची," मावशी म्हणाल्या.

मी मान खाली घातली. मावशी गोठ्यात गेल्या, खुंट्यापाशी वाकल्या. "बास गं, बास. दमलीस."

"आये, कोण हाय हितं? खुंटा मोकळा हाय."

"तुला मोकळा. सर बाजूला, तिच्या तोंडाम्होरं हुबा हायस."

तो सरला. आईचं मन राखायला म्हणून हसत त्यानं रिकाम्या जागेत हात पुढं केला, लहानपणी करायचा तसा.

हसू थांबलं.

हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो सावकाश मागं घेतला.

"आये," तो हळू म्हणाला, "ऱ्हा तू हितंच. मीच येत जाईन."

त्याचा तळवा मनगटापर्यंत ओला होता, आणि त्याला चघळलेल्या वैरणीचा वास येत होता.