पांढरी रेघ

बाबांची एक सवय होती. बोल्ट पुरेसा आवळला गेला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट जराही सैलावला तर रेघ तुटलेली दिसते. "रेघ अखंड आहे ना? मग जागचं हलणार नाही," ते म्हणायचे.

ते गेले तेव्हा त्यांच्या जुन्या मोटारसायकलला ऑइल कूलर बसवायचं काम अर्धवट राहिलं होतं. चढावर इंजिन फार तापायचं. तापलेलं तेल गार करून परत इंजिनात सोडणारी ती छोटी जाळी पुढे लावून झाली होती. दोन नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. मागच्या खेपेला "धर जरा पाना" म्हणाले, आणि मी बस चुकेल म्हणून निघाले होते.

आजही पाचची बस होती.

"राहू दे ते," आई म्हणाली. "ऐन निघताना तुम्हा दोघांना बरी कामं सुचतात."

"अर्धा तास गं."

गॅरेजला खिडकी नाही. दार सताड उघडं ठेवलं, डोक्यावरचा दिवा लावला. नळ्यांची चार टोकं, चार बोल्ट. बोल्ट नवे, सकाळी मीच आणलेले. शेवटचा आवळून रंगाची बाटली घ्यायला वळले. आतला रंग वाळून दगड झाला होता.

परत पाहिलं, तर चारही बोल्टांवर रेघा होत्या.

बोट लावलं. ओल्या.

बाबांनीच आधी मारल्या असतील, असं म्हणायचीही सोय नव्हती. नळी चाचपली, ती कोमट लागली. दीड महिन्यात इंजिन सुरू झालेलं नव्हतं. टाकीत पेट्रोलही नव्हतं. बघता बघता नळीवर हात ठेववेना.

दार लागल्याचा आवाज आला नाही. फक्त बाहेरचा उजेड गेला.

"कडी का लावलीस?" बाहेरून आई. "साडेचार झाले."

"मी नाही लावली. ढकल ना."

"ढकलतेय. हलत नाही."

कडी मोकळीच लोंबत होती. बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूवर रेघ होती. आणखी एक, लांब, सरळ, दाराच्या फळीवरून चौकटीवर गेलेली.

"अगदी बाबांवर गेलीस," आई हसली. "एकदा आत शिरले की बाहेर यायचं नाव नाही."

दोन्ही हातांनी दार ओढावं म्हणून मी पाना खाली ठेवायला गेले.

मूठ उघडेना.

रेघ माझ्या मनगटावरून, अंगठ्याच्या पेरावरून, पान्याच्या दांड्यावर गेली होती. मी ती दिव्याखाली धरून नीट पाहिली.

अखंड होती.