म्हातारबाचं तेल कोणी पळवलं?

"हललात तर बघा!" खारूने दबक्या आवाजात दम भरला.

गवताच्या गंजीमागे तिघं दाटीवाटीने दडून बसली होती. सुट्टीत आत्याकडे आलेली खारू, आत्याचा मुलगा ढोल्या आणि त्याची धाकटी बहीण पिंगी. समोरच्या उतारावर आत्याचा जुनाट ट्रॅक्टर नाक खाली करून उभा होता. सगळे त्याला म्हातारबा म्हणत. त्याची बॅटरी पार दमली होती, म्हणून आत्या त्याला गिअरमध्ये टाकून उतारावरच ठेवायची. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, क्लच दाबायचा, की स्वारी घरंगळायची आणि क्लच सोडताच सुरू व्हायची.

पण हल्ली म्हातारबाचं तेल गायब होत होतं! इंजिनाचं नव्हे, गिअरबॉक्सचं. सीटजवळची तेल मोजायची पट्टी उपसली, की ती रोज कोरडी ठणठणीत! "कालच तर ओतलं!" असं करवादत आत्या पुन्हा कॅन रिकामा करायची.

"आले, आले!" ढोल्या कुजबुजला.

ट्रॉलीच्या फळ्या बदलायला येणारे सुतारकाका म्हातारबाच्या मागच्या चाकापाशी वाकले. उठले तेव्हा त्यांच्या हातात एक डबा होता.

"सापडला चोर!" खारूने गंजीमागून उडीच मारली. "काका, डब्यात काय आहे? दाखवा!"

आरडाओरडा ऐकून आत्या धावत आली. शेतावर निघालेल्या बायका थबकल्या. डब्यात दाट, सोनेरी तेल होतं.

"वहिनी, हे चाकाखाली..."

"खोटं बोलू नका!" खारू गरजली. "आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!"

"अगं, ऐकून तरी घे. मी आत्ता..."

"सगळे चोर असंच म्हणतात!"

बायकांमधून कोणीतरी फिसकन हसलं. आत्या म्हणाली, "मागितलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं का हो?"

काकांचे कान लालबुंद झाले. त्यांनी डबा खाली ठेवला, करवत उचलली आणि मागे वळूनही न बघता ते चालते झाले. खारू मात्र दिवसभर छाती फुगवून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आलेच नाहीत. ढोल्याने सहज पट्टी उपसली.

"खारू... कोरडी आहे!"

"असं कसं होईल?"

"तेलाला पाय फुटले असतील," ढोल्या म्हणाला. पण कोणीच हसलं नाही.

पिंगीने आपली अर्धवट भरलेली पाण्याची बाटली ट्रॅक्टरच्या पायरीवर आडवी टाकली होती. खारूची नजर तिच्यावर पडली आणि तिथेच खिळली. पाणी सगळं पुढच्या टोकाला जमलं होतं. मागची बाजू कोरडी!

"ढोल्या! ट्रॅक्टर तिरका आहे! तेल पुढे सरकलंय आणि पट्टी आहे मागे!"

"म्हणजे तेल कमी नव्हतंच? आणि आई तर रोज ओततेय! मग जास्तीचं जातं कुठे?"

खारू मातीत आडवी झाली आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघू लागली. तिथून तेलाचा ओघळ उतरला होता. टप्! एक थेंब पडला. नेमका तिथेच, जिथून काकांनी डबा उचलला होता.

काका गळणारं तेल धरत होते. हेच तर सांगत होते ते! आणि आपण? खारूचा चेहरा तापला. ती तशीच पडून राहिली. बाहेर येऊन कोणाला तोंड दाखवूच नये, असं तिला वाटलं.

"खारू, ब्रेकही तिथेच असतात ना गं?" ढोल्याने विचारलं.

ती ताडकन उठली. आत्या ट्रॅक्टरवर चढलीसुद्धा होती! मागे पोत्यांनी भरलेली ट्रॉली आणि खाली फाटकात शेतावर निघालेल्या त्याच बायका.

"आत्या, थांब! ब्रेक तेलात भिजलेत!"

"हो बाजूला. एक चोर काय पकडलास, अगदी फौजदारच झालीस! काढ रे ढोल्या तो दगड."

"मी चोर पकडलाच नाही!" खारूचा आवाज चिरकला. "काका खरं बोलत होते. मीच त्यांना बोलू दिलं नाही!"

आत्याचा पाय क्लचवरच थांबला. तिने खारूकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजली. मुलांनी चाकांपुढे आणखी मोठाले दगड लावले, बायकांना फाटकातून हटवलं. मग आत्याने ब्रेक पूर्ण दाबला आणि हळूच क्लच दाबून बघितला.

म्हातारबाने ब्रेकला भीक घातली नाही! तो सरकला आणि धाडकन दगडांवर आदळला. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुपारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्रीमामा दुसरी बॅटरी घेऊन आले. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी त्यांनी म्हातारबाला सपाट अंगणात उतरवलं. इंजिन बंद करून तेल स्थिरावू दिलं. खारूने पट्टी फडक्याने पुसली, आत घातली, बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर!

"गळ्यापर्यंत भरलंय की! चाकाजवळचं तेल अडवणारं रबरी सील फाडून बाहेर येणार नाही तर काय?" मामा म्हणाले. त्यांनी सगळं तेल खाली काढलं, सील बदललं, ब्रेक धुऊन कोरडे केले. मग नरसाळ्यातून नवं तेल ओतू लागले. पट्टीवर खुणेशी तेल येताच खारू म्हणाली, "बास!"

"शाब्बास! पोरांनी आज मोठा अपघात टाळला!" मामांनी तिची पाठ थोपटली. बायकाही कौतुक करू लागल्या. खारूला ते कौतुक नको नको झालं. ती मान वर करेना.

"आत्या, काकांकडे जाऊ या. सगळ्यांना घेऊन. त्यांना चोर म्हटलं सगळ्यांसमोर, तर चूक सांगतेही सगळ्यांसमोरच."

सुतारकाका आपल्या कारखान्यात खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होते. दारातली गर्दी बघून रंधा थांबला.

"काका, तुम्ही चोर नव्हता. मी..." खारू एक पाऊल पुढे आली. "तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलंच नाही. माझं चुकलं."

"माझंही चुकलं, काका," आत्या म्हणाली. "मी तरी विचारायला हवं होतं."

काकांनी चौकटीवरचा भुसा झटकला.

"रात्री झोप लागली नाही मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांच्या घरात वावरतोय मी, पोरी."

खारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते तिने पुसलंही नाही.

"पोर हुशार आहे हो," मिस्त्रीमामा मध्येच म्हणाले. "तेलाचं कोडं तिनेच सोडवलं."

"हुशार ती कालही होती," काका म्हणाले. त्यांनी एक स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. "बस. मला काल जे सांगायचं होतं, ते आता नीट ऐक."

खारू बसली आणि ऐकू लागली.