ताईने बाळ घेतलं नाही

"…आणि हे प्रभू, या घरातल्या ज्या कुणाला आमच्या लेकराला मांडीवर घ्यायचाही कंटाळा येतो, त्यांच्या मनात थोडी माया घाल… आमेन!"

"आमेन," बायकोच्या मागोमाग बाबू म्हणाला. ताटातली भाजी निवत चालली होती, पाळण्यातलं सात महिन्यांचं पोर पाय झाडत होतं, आणि ताई डोळे मिटून तशीच बसून राहिली… उघडले असते तर ते वाहिलेच असते!

आता प्रार्थनेला उलटून काय बोलणार? आई गेली तेव्हा बाबू नऊ वर्षांचा होता आणि ताई एकवीसची. जेवताना आवाज चढवायचा नाही आणि कुणाची प्रार्थना मधेच तोडायची नाही, हा आईचा दंडक. ताईने तो स्वतः पाळला, धाकट्या भावाला पाळायला लावला, आणि दोन वर्षांपूर्वी चिमणी त्याची बायको होऊन आली तेव्हा तिनेही तो मुकाट्याने उचलला. पण माणसं ती माणसंच! भांडायला बंदी म्हटल्यावर भांडण वरच्या मार्गाने जायला लागलं. "देवा, आज मीठ अंमळ जास्त पडलंय, तरी आम्ही कृतज्ञ आहोत," असं एकदा बाबू म्हणाला, तर लगेच चिमणीची पाळी: "प्रभू, ज्यांना साधा चहा करता येत नाही त्यांना सद्बुद्धी दे!" लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं इथे देवाला बोलायचं आणि शेजारच्याला लागायचं. तेव्हा ताई आमेन म्हणता म्हणता हसत सुटली होती. आता मात्र सगळे बाण तिच्यावरच येत होते आणि हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

चिमणी मनाने वाईट का होती? छे! लहानखुरी, बडबडी, तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून तिच्या आईनेच तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. बाळंतपणात ती ताईचा हात घट्ट धरून बसली होती, आणि बाळ जन्मल्यावर बाबूच्याही आधी ते ताईच्या ओंजळीत आलं होतं. त्याच ताईने दोन महिन्यांपासून बाळाला हातसुद्धा लावला नव्हता. कुठल्या आईचं काळीज जळणार नाही?

आणि ताईचं काळीज… ते कोण बघणार!

एकवीस वर्षं ती दवाखान्याच्या शिवणखान्यात कामाला होती. फाटक्या चादरी सांधायच्या, गाऊनचे बंद शिवायचे. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग कात्री हातातून गळायला लागली. वय झालं म्हणून तिने मनावर घेतलं नाही. आणि एका दुपारी घरात दुसरं कुणी नसताना बाळाला पाळण्यातून उचललं, खांद्याशी आणलं, आणि दोन्ही हात एकदम मेल्यासारखे झाले… बाळ घसरलं! ताई गुडघ्यांवर कोसळली, कोपरांत आणि छातीत तिने त्याला कसंबसं अडवलं. पोर खिदळलं, त्याला वाटलं खेळच चाललाय. ताई मात्र त्याला तसंच कोपरांत धरून अर्धा तास तिथेच बसली होती.

"मानेतली नस दबलीय," डॉक्टर म्हणाले होते. "जिवाला धोका नाही. पण हातांत पूर्वीचा जोर येईल अशी आशा धरू नका, बाई."

मग घरात सांगून मोकळं व्हायचं ना! पण सांगायचं तर बाबूचं काय? तो वायरमन होता खरा, पण लहानपणापासून त्याला एकच ध्यास… चर्चचा पाळक व्हायचं! त्या शिक्षणासाठी त्याला दोनदा बोलावणं आलं होतं. पहिल्यांदा ताईचा पाय मोडला म्हणून तो गेला नाही. दुसऱ्यांदा, "तुला एकटीला टाकून कसा जाऊ?" म्हणत बांधलेली बॅग सोडून बसला. हे तिसरं बोलावणं, आणि पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की चौथं येणार नाही. तीन वर्षं दूरच्या गावी राहायचं, बायकोमुलाला घेऊन. ताईचे हात गेलेत हे कळलं असतं तर हा पठ्ठ्या मुकाट्याने कपडे परत कपाटात लावायला बसला असता! म्हणून ताई बोटांत चमचा अडकवून जेवायला लागली. कप फुटला की "धांदरट झालेय मी" म्हणायला लागली. आणि "ताई, बाळाला जरा घ्या ना," असं चिमणी म्हणाली की पाठ फिरवून उत्तर द्यायची, "मला काम आहे."

जायच्या आधीचा शेवटचा रविवार प्रभुभोजनाचा होता, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी पुढे जाऊन मेजावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. मनात कुणाविषयी काही असेल तर आधी मिटवायचं, मगच त्या मेजापाशी जायचं, अशी त्यांच्या चर्चची शिकवण. शनिवारी संध्याकाळी चिमणी ताईपुढे येऊन उभी राहिली.

"ताई, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला… पण एकदा सांगा तरी, माझ्या बाळाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुझं काही चुकलं नाही गं."

"मग?"

अशा संध्याकाळी खोटं बोलायला ताईची जीभ रेटेना, आणि खरं बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळे उठून पुढे गेले. ताई बाकावरच बसून राहिली… एवढी लपवाछपवी पोटात ठेवून ती भाकर कशी घ्यायची! सगळ्या चर्चने ते पाहिलं. बाबूनेही पाहिलं, आणि त्याला वाटायचं तेच वाटलं.

घरी येईपर्यंत त्याने दम धरला. मग मात्र त्याचा तोल गेला.

"इतका राग, ताई? आम्ही जातोय म्हणून देवाच्या मेजावरसुद्धा आम्हाला क्षमा करवत नाही तुला?"

"तसं नाही रे…"

"मग कसं? बोल ना! बाळाला दोन महिन्यांत एकदा तरी जवळ घेतलंस? आई म्हणून तुझ्याकडे बघत आलो मी… कुणाकडे बघत होतो कोण जाणे!"

आतल्या आत ताईचं काळीज फाटत होतं आणि बाहेर तिचा चेहरा दगडासारखा होता. बाबूला तेवढा दगडच दिसला.

मंगळवारी सकाळी दारात गाडी आली. सामान चढलं. "येतो," बाबू म्हणाला, तेही चौकटीकडे बघून. ताई स्वयंपाकघरातच थांबली. तिथे तिला ओट्यावर बाळाची दुधाची बाटली दिसली, आणि तिचा जीव कासावीस झाला. एवढ्या प्रवासात पोर काय पिणार? बोटांनी जमेना म्हणून तिने ती दोन्ही मनगटांत दाबून उचलली. बाटली निसटली, घरंगळली. ताई गुडघ्यांवर बसून ती पुन्हा मनगटांत धरू लागली… पुन्हा निसटली… पुन्हा!

"ताई! हे काय?"

दारात चिमणी. कडेवर बाळ.

चिमणी जवळ आली, खाली बसली, तिने ताईचा हात हातात घेऊन दाबला. बोटं लुळी पडून राहिली. चिमणीच्या डोळ्यांपुढून दोन महिने सरकत गेले असावेत, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते कप… तो चमचा… ताई, आणि मी रोज देवासमोर तुम्हाला… अरे देवा! काय काय बोलले मी!"

"वेडी का काय! तुला कुठे ठाऊक होतं? एकदा माझ्या हातून हा निसटलाच होता गं. परत निसटला असता तर?"

चिमणीने डोळे पुसले. ताईला भिंतीला टेकवलं, तिचे पाय लांब करायला लावले आणि बाळाला अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

"जमिनीवरून कुठे पडणार आहे तो?"

दोन महिने! दोन महिने हे साधं ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं! पडण्याच्या धास्तीने ती त्या पोरापासून पळत राहिली, आणि नुसतं खाली बसायचं होतं… तिने बाळाच्या टाळूवर गाल टेकवला आणि हुंदका फुटला तो आवरेना. बाळाने तिचं नाक पकडलं. रडता रडता ती हसली.

बाहेर हॉर्न वाजला. "चिमणे! गाडी खोळंबलीय!"

"मी त्यांना बोलावते," चिमणी उठलीच.

"नको! आपल्यात शपथ घालत नाहीत, आणि जोडायला हात राहिले नाहीत… पण ऐक माझं. त्याला कळलं तर तो जाणार नाही."

"अहो, पण ते तुमच्यावर रागावून चाललेत!"

"तसाच जाऊ दे. राग नसला की त्याचा पाय निघत नाही, दोनदा पाहिलंय मी. एक वर्ष उलटू दे, तिथे रुळू दे, मग सांग. माझी काळजी करू नकोस. दवाखान्याच्या आवारात खोली मिळतेय मला, शिवणखान्यातल्या सगळ्याजणी तिथेच राहतात, त्या माझं बघतील."

"मला नाही जमणार, ताई. माझ्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहितेय!"

"माझ्यासाठी ठेव."

चिमणीने ते दोन्ही लुळे हात उचलून आपल्या डोळ्यांना लावले. मग बाळ घेतलं, बाटली घेतली, तोंडावरून पाणी फिरवलं आणि ती बाहेर गेली. ताई भिंतीच्या आधाराने उठून खिडकीशी आली.

"एवढा वेळ?" बाबू विचारत होता.

"बाटली सापडत नव्हती."

तो जरा घुटमळला. घराकडे न बघताच त्याने विचारलं, "ती… काही म्हणाली?"

ताईने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं.

"नाही," चिमणी म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

दार लागलं, गाडी हलली. बाबू पुढच्या सीटवर ताठ बसला होता. वळणापर्यंत त्याने एकदाही मान वळवली नाही. ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली, गाडी दिसेनाशी झाली तरी बघतच राहिली, आणि मग "गेला बाई एकदाचा!" म्हणून ढसढसा रडत तिने देवाचे आभार मानले.